दुसरा सब लावला आणि बास गेला: धायरीच्या एका सेदानचं प्रकरण

गाडी साधी सेदान. मालक धायरीत राहतो, कामाला रोज हिंजवडीला जातो, त्यामुळे दिवसाचे कित्येक तास गाडीतच जातात. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल पथकाच्या सरावाला असतो. ढोलाचा ठोका छातीवर कसा बसतो हे ज्याला अंगाने माहीत आहे, त्याची बास कमी झाल्याची तक्रार 'तुम्हाला तसं वाटतंय' म्हणून उडवून लावता येत नाही. कार ऑडिओच्या दुकानात मात्र नेमकं तेच झालं होतं.

त्याच्या डिकीत आधी १२ इंचांचा एक सब (सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर) होता. ड्युअल कॉइलचा, म्हणजे आत तारेच्या दोन गुंडाळ्या असलेला, दोन्ही कॉइल ४-४ ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या विरोधाचं माप). बॉक्स सीलबंद, ॲम्प (सबला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा. ॲम्पच्या पत्रकावर २ ओहमला ५०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद) आणि ४ ओहमला ३०० वॅट छापलेले. २ ओहमच्या खाली चालवू नका अशी स्पष्ट सूचना. सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडलेल्या, म्हणजे ॲम्पला दिसणारा लोड २ ओहम. सगळं व्यवस्थित वाजत होतं. मग एका मित्राने अगदी त्याच मॉडेलचा सब विकायला काढला, स्वस्तात मिळाला म्हणून याने घेतला. दुकानातून दोन कप्प्यांचा नवा एमडीएफचा बॉक्स बनवून घेतला, दोन्ही सब त्यात बसवले. गाडी सुरू केली तर बास पूर्वीपेक्षा कमी.

दुकानाने ॲम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) पूर्ण फिरवला, बास बूस्टही पूर्ण चढवला. आवाज वाढला, पण भसाडा. शेवटी निदान आलं: ॲम्प छोटा पडतोय, मोठा घ्या आणि सोबत दुसरी बॅटरी टाका. खर्चाचा आकडा ऐकून तो माझ्याकडे आला. पहिलंच वाक्य होतं, "दादा, ॲम्प छोटा असेल हो, पण दोन सब एकापेक्षा कमी कसे वाजतील?"

हा प्रश्न फार नेमका आहे. ॲम्प खरोखर कमी पडत असेल तर दोन सब लावल्यावर फरक जाणवणार नाही, फार तर थोडा जाणवेल. आवाज घटायला मात्र काहीतरी एकमेकांच्या विरोधात काम करत असावं लागतं. कमकुवत बासच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच शोधतो: ताकद कुठे वाया जातेय, कोण कोणाला खोडून काढतंय. ते सापडेपर्यंत ताकद वाढवण्यावर एक रुपयाही घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिली चाचणी फुकटची

पार्किंगमध्ये बासचा अंदाज घेणं फसवं असतं. खालच्या छताखाली आणि भिंतींच्या मध्ये कुठलाही सब गुमतो. म्हणून दिवसाउजेडी गाडी खडकवासल्याच्या रस्त्याला मोकळ्या जागी नेली. गेन निम्म्यावर आणला, बास बूस्ट शून्यावर. हा बूस्ट म्हणजे मोठं दुखणं आहे. तो १२ डेसिबलपर्यंत चढवला की त्या पट्टीत ॲम्पकडून जवळजवळ १६ पट वॅट मागितले जातात. तेवढे त्याच्याकडे नसतात, मग सिग्नलचे शेंडे कापले जातात. दुकानात ऐकू आलेला भसाडेपणा तो हाच.

मग ५० हर्ट्झचा सलग सूर मध्यम आवाजात लावला आणि डाव्या सबची वायर बॉक्सच्या मागून काढली. उजवा एकटा वाजत राहिला, आवाजात फरक शून्य. डावा परत जोडला, उजवा काढला. जवळजवळ शांतता. डाव्या सबच्या कोनवर (पुढच्या हलणाऱ्या शंकूवर) बोटं ठेवली तर अगदी बारीक थरथर. मेलेला सब, असं कोणीही म्हणेल. मालकही म्हणाला, "म्हणजे मित्राने गंडवलं मला."

पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी असेल असा माझा आधीचा संशय होता. दोन सबपैकी एक उलटा जोडला की एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि बास हवेतच संपतो. पण त्या बिघाडाची खूण वेगळी असते: कुठलाही एक सब काढला की आवाज वाढतो, आणि एकेकटे दोघंही उत्तम वाजतात. इथे तसं नव्हतं. एक ठणठणीत, एक मुका.

मीटर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

सब मेला असेल तर कॉइल जळलेली असणार, तुटलेली असणार किंवा वायर निघालेली असणार. मल्टिमीटर लावला. ॲम्पची वायर सोडवून डाव्या सबचं रेझिस्टन्स पाहिलं: ७.३ ओहम. उजव्याचं ७.२. ४ ओहमच्या कॉइलचं डीसी रेझिस्टन्स ३.६ च्या आसपास असतं, नव्या बॉक्समध्ये प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडलेल्या, म्हणजे ७.२ च्या आसपास. दोन्ही सब मीटरवर सारखेच निरोगी. दुकानातही मीटर लावला गेला होता आणि त्यावरूनच 'सब दोन्ही ओके आहेत' असा निर्वाळा मिळाला होता. तो निर्वाळा चुकीचा नव्हता. सब खरंच ओके होते.

आता क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं) काढला. हे मीटर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठीच बनलेलं असतं, म्हणून ५० हर्ट्झच्या सुरावर त्याचा आकडा विश्वासार्ह. ॲम्पच्या टोकांवर १० व्होल्ट एसी येतील इतका आवाज ठेवला आणि दोन्ही सबच्या वायरींवर क्लॅम्प फिरवला. उजवा, म्हणजे वाजणारा सब, ०.४ अँपिअर घेत होता. मुका डावा सब १.३.

या प्रकरणातला सगळ्यात बोलका आकडा हाच. जो वाजत नाही तो तिप्पट करंट खातोय. कारण असं: कोन हलतो तेव्हा चुंबकाच्या फटीत फिरणारी कॉइल स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि येणाऱ्या करंटला अडवते. सीलबंद बॉक्समध्ये सबच्या रेझोनन्सजवळ (ज्या सुराला कोन सगळ्यात सहज हलतो त्याजवळ) हा विरोध बराच वाढतो; कागदावर ८ ओहमचा असलेला सब तिथे २०-२५ ओहमसारखा वागतो. डावा सब १० व्होल्टला १.३ अँपिअर घेतोय म्हणजे त्याचा विरोध जेमतेम साडेसात ओहम, नुसत्या तारेएवढा. म्हणजे त्याच्या कॉइलमधून करंट खळखळून वाहतोय, पण कोन जागचा हलत नाहीये. बॉक्सजवळ नाक नेलं तर तापलेल्या लॅकरचा हलका वासही येत होता. हलणारा कोन स्वतःच हवा ढवळून कॉइल थंड ठेवतो; न हलणाऱ्या सबमध्ये सगळी वीज उष्णता होऊन तिथेच साठते. गेन आणि बूस्ट पूर्ण चढवून ही गाडी आणखी काही आठवडे चालली असती, तर हा चांगला सब खरोखर जळला असता आणि दोष विकणाऱ्या मित्रावर गेला असता.

करंट आहे, हालचाल नाही. दोन कॉइलच्या सबमध्ये याचा अर्थ बहुधा एकच निघतो. डावा सब बॉक्समधून उघडला. दोन्ही कॉइलची टर्मिनल बास्केटच्या (सबच्या सांगाड्याच्या) दोन बाजूंना, लाल-काळी. त्यांच्यामध्ये एक छोटा जंपर (जोडतार) होता, एका कॉइलच्या काळ्यापासून दुसऱ्या कॉइलच्या काळ्यापर्यंत. उरलेली दोन लाल टर्मिनल बॉक्सच्या कपाला (बाहेरची वायर जिथे लागते त्या वाटीला) गेलेली.

सिरीज जोडणीत पहिल्या कॉइलचा काळा दुसऱ्या कॉइलच्या लालला जातो. काळा काळ्याला जोडला की करंट पहिल्या कॉइलमधून सुलट आणि दुसरीतून उलट वाहतो. दोन्ही कॉइल एकाच नळीवर गुंडाळलेल्या, एकाच कोनला चिकटलेल्या. बंद पडलेली गाडी एकाने मागून आणि दुसऱ्याने पुढून तेवढ्याच जोराने ढकलावी, तशी त्यांची गत. दोघांनाही घाम फुटतो, गाडी हलत नाही. आणि मल्टिमीटरला दिशा कळतच नाही. तो फक्त तार किती अडवते एवढं मोजतो, म्हणून त्याचा आकडा सुलट जोडणीत ७.३ आणि उलट जोडणीतही ७.३.

ही चूक हाताच्या सवयीतून होते असं मला वाटतं. पॅरलल जोडणीत लाल लालला, काळा काळ्याला, हेच बरोबर. आधी एकटा सब जसा जोडलेला होता तशी जोडणी शेकड्यांनी केलेली असते. रंगाला रंग जुळला की डोळ्याला समाधान मिळतं. सिरीजमध्ये मात्र रंग मुद्दाम चुकवावा लागतो. त्याच बॉक्समधला उजवा सब बरोबर जोडलेला होता, त्यामुळे माहिती नव्हती असंही म्हणता येत नाही.

खात्री ९ व्होल्टच्या बॅटरीने केली. तपकीर गल्लीत कुठेही मिळते, आणि सबचं काम करणाऱ्याच्या खिशात ती कायम असावी. जंपर काढून प्रत्येक कॉइलला बॅटरी क्षणभर टेकवली, प्लस लालला. दोन्ही वेळा कोन बाहेर आला, म्हणजे कॉइलवरचे रंग खरे होते. टेकवायची फक्त क्षणभर, धरून ठेवायची नाही, आणि ॲम्पची वायर आधी सोडवायची. मग जंपर काळ्यापासून लालला लावला, राहिलेल्या दोन टोकांना बॅटरी: कोन ठसक्यात बाहेर. उजव्या सबची तीच चाचणी, तोही बाहेर. दोघांची दिशा एक.

कॉइलला बॅटरी टेकवायच्या आधी सब उघडावा लागतो, हे खरं. म्हणून मी आता ड्युअल कॉइलचा सब बॉक्समध्ये बसवण्याआधीच जोडणी पूर्ण करून बॅटरी लावून बघावी असं सगळ्यांना सांगतो. कोनची उडी एका नजरेत कळते आणि कुठल्याही मीटरपेक्षा जास्त सांगते.

वॅटचा हिशोब कुठे गेला

आता मूळ प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येतं, आणि ते मी मालकाला बॉक्सच्या झाकणावर पेनाने लिहून दाखवलं. एकच सब होता तेव्हा ॲम्प ५०० वॅट देत होता, २ ओहमवर म्हणजे साधारण ३१.६ व्होल्ट. कॉइल पॅरलल असल्याने प्रत्येक कॉइलला पूर्ण ३१.६ व्होल्ट मिळत होते. दोन सब झाल्यावर चार कॉइल आल्या. ४ ओहमच्या चार कॉइल सगळ्या पॅरलल केल्या तर १ ओहम होतो, तो या ॲम्पला चालत नाही. म्हणून प्रत्येक सब सिरीजमध्ये ८ ओहम आणि दोन्ही सब पॅरलल, एकूण ४ ओहम. दुकानाची ही निवड अगदी योग्य होती. २ ओहम या चार कॉइलमधून कसंही जोडलं तरी येत नाही. ४ ओहमवर ॲम्प ३०० वॅट देतो, म्हणजे ३४.६ व्होल्ट, आणि सिरीजमुळे प्रत्येक कॉइलला त्याचे निम्मे, १७.३.

म्हणजे जो उजवा सब आधी ५०० वॅटवर वाजत होता तो आता १५० वर आला, आणि जोडीदार मुका. घट झाली साधारण ५ डेसिबलची. खालच्या पट्टीत कानाला एवढा फरक मोठा वाटतो. कमी फ्रिक्वेन्सीला डेसिबलच्या थोड्याशा बदलातही जाणवणारा आवाज मधल्या पट्टीपेक्षा जास्त बदलतो. 'निम्मा झाला' असं तो म्हणत होता, ते अजिबात वाढवून सांगितलेलं नव्हतं.

डावा सब सुलट झाल्यावर काय मिळालं? तेवढ्याच ताकदीचे दोन सब एका दिशेने चालले की एकट्यापेक्षा ६ डेसिबल जास्त. बिघडलेल्या अवस्थेपेक्षा ही उडी भरभक्कम. पण पूर्वीच्या एका सबशी तुलना केली तर ५ गेले, ६ आले. निव्वळ कमाई डेसिबलभराची. हे मी त्याला वाजवून दाखवण्याआधीच सांगितलं, कारण पैसे खर्च केलेल्या माणसाला कानाने खोटी आशा दाखवणं सोपं असतं. दुसऱ्या सबचा खरा फायदा वेगळा आहे: पूर्वी एक सब ५०० वॅटवर ताणला जात होता, आता दोघं दीडशे-दीडशेवर चालतात. कोनची धाव कमी, कॉइल थंड, आणि म्हणून ठोका जास्त स्वच्छ.

त्याने लगेच पथकाच्या सरावाचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग लावलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "आला. पण अजून पोकळ आहे कुठेतरी."

त्याचा कान पुन्हा बरोबर होता.

उरलेला पोकळपणा

ढोलाच्या ठोक्याचं अंग नुसतं ४०-५० हर्ट्झला नसतं, ते वर दरवाजातल्या स्पीकरच्या हद्दीपर्यंत पसरलेलं असतं. सब आणि पुढचे स्पीकर जिथे एकमेकांना भेटतात, तिथे म्हणजे ८० हर्ट्झच्या आसपास, खड्डा होता. स्टिरिओमध्ये पाहिलं तर सबचा लो पास (याच्या वरचे सूर सबला जात नाहीत) ६० वर आणि पुढच्या स्पीकरचा हाय पास (याच्या खालचे सूर त्यांना जात नाहीत) १२० वर. मधल्या पट्टीला वालीच नाही. दोन्ही ८० वर आणले. तरी ड्रायव्हरच्या सीटवर खड्डा राहिला, मागच्या सीटवर कमी.

८० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ४.३ मीटर. डिकीतला सब आणि दरवाजातला स्पीकर यांच्या ड्रायव्हरपर्यंतच्या अंतरात मीटरभराचा फरक असला की लाट जवळपास पाव फेरा मागे पडते. फिल्टर स्वतः आणखी मागे ढकलतात. ही बेरीज अर्ध्या फेऱ्याजवळ गेली की पुन्हा तीच गोष्ट, खोडाखोडी. ८० हर्ट्झचा सूर लावून मी ड्रायव्हरच्या जागी बसलो आणि त्याला ॲम्पवरचा फेजचा खटका (सबची लाट अर्धा फेरा फिरवणारा) ० वरून १८० वर करायला सांगितलं. १८० वर सूर ठसठशीत भरला. 'फेज १८० म्हणजे उलटी वायरिंग' असं समजून लोक या खटक्याला हात लावत नाहीत. जिथे ड्रायव्हरच्या कानाला जास्त ऐकू येईल ती जागा बरोबर, एवढाच नियम. पण आधी दोन्ही सब आपसात एका दिशेचे झालेले असले पाहिजेत, नाहीतर या खटक्याने काही निष्पन्न होत नाही.

सेदानमध्ये आणखी एक अडचण असते, डिकी केबिनपासून वेगळी. बॉक्स सीटच्या पाठीला टेकवलेला आणि सबची तोंडं सामानाने अडलेली होती. बॉक्स मागे सरकवून तोंडं डिकीच्या दाराकडे केली, पुढे वीतभर मोकळी जागा ठेवली. थोडं आणखी भरलं.

अर्थिंग आणि फ्यूज

तारांची तपासणी शेवटी केली, आणि ती मुद्दाम शेवटी. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बासचा ठोका पडताना ॲम्पच्या टोकांवर १२.८. एवढी पडझड नको. मल्टिमीटर ॲम्पच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लावला तर निम्म्याहून जास्त पडझड अर्थमध्येच (ॲम्पचं निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरीत) सापडली. अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली, रंगावर आवळलेली. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) नीट दाबून बसवलं, वर गंज लागू नये म्हणून ग्रीस. ॲम्पवर १३.५ मिळू लागले.

बासमध्ये याने किती फरक पडला? अर्ध्या डेसिबलच्या आत. जाड तारा, भारी टर्मिनल, कपॅसिटर यांवर लोक हजारो घालतात, पण अशा पडझडीने एवढंच जातं. उलट्या जंपरने ६ डेसिबल गेले होते. तरी अर्थ नीट केला, कारण सैल अर्थ तापतो.

फ्यूजबाबत मात्र मी तडजोड करत नाही. पॉवरची वायर ८ गेजची (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड), बाहेरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि बॅटरीजवळचा फ्यूज १०० अँपिअरचा. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. ही तार १०० अँपिअर सलग सोसू शकत नाही; फ्यूज उडण्याआधीच ती धोकादायक तापू शकते. नाना पेठेतून शुद्ध तांब्याची ४ गेज वायर आणली, बॅटरीपासून वीतभरावर ६० चा फ्यूज टाकला. ३०० वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प पूर्ण जोरात ३० अँपिअरच्या आत-बाहेर घेतो, त्याला ६० भरपूर.

शेवटी गेन. सब सोडवून, ५० हर्ट्झचा सूर, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर, आणि ॲम्पच्या टोकांवर ३४ व्होल्ट एसी येईपर्यंत गेन फिरवला. खुंटी निम्म्याच्या जरा पुढे थांबली. मालकाला ते बघवेना, "अजून एवढा बाकी आहे की." गेन ही आवाजाची खुंटी नाही, स्टिरिओचा सिग्नल ॲम्पशी जुळवायची सोय आहे, हे पटवायला थोडा वेळ लागला. ३४ व्होल्टच्या पुढे हा ॲम्प देतो ते फक्त कापलेले शेंडे.

मोठ्या ॲम्पचा विषय त्यानेच परत काढला. १ ओहमला १००० वॅट देणारा ॲम्प घेतला तर आणखी ५ डेसिबल मिळतील, हे खरं आहे आणि तसं मी सांगितलं. पण पूर्ण जोरात तो नव्वदच्या वर अँपिअर मागेल. त्याच्या गाडीचा मूळ अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवणारा) दिवे, एसी, पंखा सांभाळून एवढं सलग देऊ शकत नाही. दुसरी बॅटरी काही मिनिटं तग धरते, पण तिलाही चार्ज त्याच अल्टरनेटरकडून हवा. हे दोन सब प्रत्येकी ५०० वॅट सोसतात, ॲम्पही बाजारात आहे, अडचण बॉनेटखाली आहे. त्याने ॲम्प रद्द केला आणि ते पैसे पुढच्या दरवाजांच्या डॅम्पिंगवर (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या थरावर) आणि चांगल्या मिडबास स्पीकरवर घालायचं ठरवलं. ढोलासाठी विचाराल तर मीही तेच केलं असतं.

डाव्या सबच्या कॉइलची मला थोडी काळजी आहे. थंड असताना तिचे आकडे ३.६ आणि ३.७ आले, म्हणजे आज ती ठीक आहे. पण बराच काळ ती तापत बसली होती. हे आकडे तारखेसकट बॉक्सच्या मागे मार्करने लिहून ठेवलेत, जोडणीची आकृतीही शेजारी काढली आहे. दिवाळीनंतर पुन्हा मोजायचे. त्यातला एखादा ठळकपणे घसरला असेल, किंवा सूर लावल्यावर खरखर येत असेल, तर त्या एका सबचा कोन-कॉइलचा संच बदलावा लागेल. दुसऱ्याला हात लावायची गरज नाही.